जुनी लुगडी द्या

माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, हे मानवतच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कुणालाबी विचारा. आमचे व्यंकटराव तर म्हणतात, कस्तुराबाईला काही सांगायचं म्हंजे एसटी स्टँडावर भोंगा लावायचा. खरं हाय ते, मी कशाला नाकारू. पण राजेश्रीचं सांगायला बसले की माझीबी जीभ जड होती. तवा गुमान ऐका, मधी मधी टोकू नका.

मी मूळची राणीसावरगावची. लग्न होऊन मानवतला आले, मोंढ्याच्या कडंला खानावळ टाकली, अन् भाकरी थापता थापता केस पिकले. पण सावरगावचं कुत्रंबी मानवतला आलं तर माझ्याच दारात येतंय. गावची लेक म्हणून लहानथोर सगळे मला आत्या म्हणतात. दवाखान्याला आलेले, कापूस घालायला आलेले, पोरगी बघायला आलेले, सगळ्यांची पथारी माझ्याच वट्यावर. तोंडानं मी फटकळ, पण भरल्या ताटावरून कुणाला उठवलं न्हाई अजून.

गेल्या जानेवारीत महारुद्र अन् त्याची बायको राजेश्री असेच येऊन टेकले, सायकलीवर. महारुद्र माझ्या चुलतभावाचा पोरगा. उंच, किडकिडीत, चार शब्द बोलायचे तर दोन गिळणारा. त्याची सायकल काळी, बापाच्या वेळची. तिची गुलाबी, शाळंतल्या पोरींना सरकारातून भेटती तसली, गावातल्या कुणाच्या तरी पोरीची मागून आणलेली. दोन्हींच्या हँडलला फलक बांधलेले, ‘जुनी लुगडी द्या, लेकरांना वाकळा द्या’. राजेश्रीच्या अंगात लुगड्यावरून नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला दस्ती. आमच्याकडच्या बाया ऊस तोडायला जातात त्योच अवतार. मी आपली चेष्टेनं म्हणलं, फिरायला निघालीस का मोळ्या बांधायला? ती हसली न्हाई. रागावलीबी न्हाई. सायकल भिंतीला लावली अन् पाणी कुठं हाय म्हणून विचारलं.

हे सायकलीचं काय खूळ, ते आधी सांगते. दिवाळी झाली की आमच्या सावरगावचं अर्धं गाव ऊसतोडीला जातंय. ट्रॅक्टरमधी भांडीकुंडी टाकायची, लेकरं टाकायची, अन् सांगलीकडं सहा महिने कोपीत राहायचं. कोपी म्हंजे काय, चार बांबूला पाचट बांधलं की झाली कोपी. दार न्हाई का खिडकी न्हाई. चार वर्षांखाली त्या कोपीत ह्यांची लेक सृष्टी गेली. एकुलती एक, दुधाचे दातबी पडले नव्हते. थंडी छातीत भरली, दवाखान्याच्या वाटंवर ट्रॅक्टरमधीच संपलं. तिकडंच कुठंतरी बांधाला ठेवली तिला, अन् दोघं पुन्हा फडात. टोळीत नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. बायको बसली तर नवऱ्यालाबी बसावं लागतंय, अन् टोळी काय कुणासाठी थांबती व्हय?

त्याच्यानंतर शाळंवरच्या नागेश गुरुजींनी गावात दोन खोल्यांत लेकरांची सोय केली. मायबाप तोडीला गेले तरी लेकरं घरी राहावी, शाळा शिकावी, थंडीत मरू नये. पंचफुला म्हातारी त्यांचा स्वयंपाक करती. पण लेकरं निजतात फरशीवर. म्हणून गुरुजींनी हे काढलं, की सायकलीवर गावोगाव जायचं, पैसा मागायचाच न्हाई, जुनी लुगडी मागायची. त्या त्या गावच्या बायांनी वाकळा शिवायच्या, मागून टेम्पो येऊन घिऊन जाईल. गुरुजींचं म्हणणं असं, गाडीतून आलेल्याला लोक चंदा देऊन वाटंला लावतात, सायकलीवर आलेल्याला घरात घेतात. बोलायला लय हुशार हायत गुरुजी. जाणार कोण, तर महारुद्र अन् राजेश्री. गंगाखेड, परभणी, मानवत, पाथरी, माजलगाव, असं करत थेट सांगलीकडं, सृष्टीला ठेवलं त्या रानापर्यंत. अन् मानवतला एक दिवस आराम, असं गुरुजींनीच ठरवून दिलेलं.

तर आल्या दिवशी मी दोघांना वट्यावरच्या खोलीत जागा केली. माझ्या सासूच्या हातची एक वाकळ हाय, चांगली जाडजूड, पाहुण्यालाच काढते मी ती. राजेश्रीला दिली. सकाळी चहा घिऊन गेले तर वाकळ घडी घालून उशाला, जशीच्या तशी. अन् बाई उघड्या चटईवर, नुसता पदर अंगावर. बाहेर दात वाजायले होते. माझं डोकंच फिरलं. आमच्या वाकळंला काय वास मारतो का, म्हणलं. जगाला वाकळा मागत फिरायलीस अन् माझी वाकळ तुला चालंना व्हय?

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. भिंतीकडं बघावं तसं. "मला थंडी वाजत न्हाई, आत्या," म्हणली.

महारुद्र पलीकडं तोंड धुवायलता. त्यानं हातानंच मला खूण केली, सोडा म्हणून. नंतर हळूच म्हणला, तवापासून असंच हाय. पांघरूण घेत न्हाई. हात पोळला तर पोळू देती. सायकल शिकताना शाळंच्या पटांगणात पडली, गुडघा फुटून रक्ताची धार, लेकरं हसायली, तर ही उठून पुन्हा सीटवर. दुखलं का विचारलं तर न्हाई म्हणती. मला आधी वाटलं, बाई सोशीक हाय. पण सोशीक माणसाच्या तोंडावर काहीतरी दिसतंय की हो. हिच्या तोंडावर काहीच नव्हतं.

आता आरामाचा दिवस म्हंजे माणसानं काय करावं? पाय पसरून बसावं, वेणीफणी करावी, दुपारी डोळा लावावा. राजेश्रीला ते माहीतच न्हाई. तिचा जन्मच मुळी कोपीतला, आईबाप तोडीला गेलेले असताना. अर्धं वर्ष शाळा, अर्धं वर्ष फड, असं करत सातवीपर्यंत गेली अन् मग लग्न. लग्नानंतर पुन्हा फडच. बसायला कधी शिकावं तिनं? मी चूल पेटवते तोवर हिनं माझी रात्रीची खरकटी भांडी घासून पालथी घातली, अंगण झाडलं, सरपण फोडलं. मी हातातली कुऱ्हाड काढून घेतली तर तशीच उभी राहिली, हात लोंबकळत सोडून. आता काय करू, असं विचारायलती. मला राग यावा का कीव यावी ते कळंना. शेवटाला मी तिला मेथी निवडायला बसवलं.

दुपारी गुरुजींनी मानवतच्या शाळंत सत्कार ठेवलेला. ते सावरगावहून मुद्दाम त्याच्यासाठी आले. मला कार्यक्रमाचा लय कंटाळा, पण सावरगावची माणसं म्हणल्यावर गेले. मंडप, माईक, पुढं शाळंची पोरं. महारुद्रला फेटा बांधला, राजेश्रीच्या खांद्यावर शाल टाकली. शाल खांद्यावरून घसरली, खुर्चीच्या पायाशी पडली, तिनं उचलली न्हाई. गुरुजी माईकवर म्हणायले, या मातेनं दुःखावर मात केली. मी मनात म्हणलं, गुरुजी, तुमच्या डोळ्याला काय झालंय? मात केलेलं माणूस असं दिसतंय व्हय? पण पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग गुरुजींनी पत्र्याच्या डब्यात लावलेलं लिंबाचं रोप काढलं. म्हणले, हे रोप महारुद्र अन् राजेश्री सायकलीवर नेणार अन् सृष्टीला जिथं ठेवलंय, नेमकं त्या जागंवर लावणार. तिथं तिच्या नावाचा दगड बसवायचा. त्या रानाचा मालक तयार हाय, तिथली चार माणसं येणार, पेपरवाले येणार. पुन्हा टाळ्या. मी राजेश्रीकडं बघायलते. नुसतं डब्याकडं बघत बसली होती. डबा हातात दिला तवा तिनं तो तिरका धरला, थोडी माती सांडली. मग कुणीतरी म्हणलं, ताईंनी दोन शब्द बोलावं. ती माईकपाशी गेली अन् म्हणली, "जुनी लुगडी द्या." अन् येऊन बसली.

लोकांनी दिली बरं का. दुपारपासून माझ्या वट्यावर लुगड्यांचा ढीग. मी, राजेश्री अन् शेजारच्या दोघी तिघी निवडायला बसलो, धड कुठलं, फाटकं कुठलं. शेजारणी चहाला उठून गेल्या. मी माझं एक निळं काढून आणलं होतं, मोरपंखी काठाचं, पदर विरलेला. राजेश्रीनं ते हातात घेतलं अन् काठावरून बोट फिरवलं. असलंच होतं माझं, म्हणली. भावानं दिलेलं, नवंकोरं, सणालाच नेसायची. सृष्टी गेली त्याच दिवसात कोपीमागल्या दोरीवरून गेलं. शेजारच्या कोपीतल्या माधवीनं उचललं, दुसरं कुणी येणार तिथं? लहानपणापासूनची मैत्रीण. हिनं तिला साऱ्या टोळीदेखत चोरटी म्हणलं, ती रडली, तवापासून दोघींचं बोलणं न्हाई. हे सगळं तिनं असं सांगितलं, जसं कुण्या दुसऱ्याच बाईचं सांगायली. मग त्याच आवाजात, निळं लुगडं मांडीवर घडी घालत, तिनं पुढलं सांगितलं.

"आत्या, तुमी ह्यांना सांगा. उद्या सायकली माघारी गंगाखेडकडं वळवा म्हणावं. म्या पुढं येत न्हाई."

मी म्हणलं, अगं, पाय भरून आले असतील, दोन दिवस रहा. ती म्हणली, पायाचं न्हाई. अन् मग थांबत थांबत सगळं काढलं. आमच्यात बाया मातीला जात न्हाईत. सृष्टीला उचलून नेलं तवा हिला बायांनी कोपीत धरून ठेवलेलं. कुठं ठेवलं, कसं ठेवलं, हिनं बघितलं न्हाई अन् कधी विचारलंबी न्हाई. महारुद्र रोज सकाळी कोपीच्या दारात उभा राहून कालव्याकडं बघायचा, म्हणून हीबी तिकडंच बघायची. पण तिकडं निसता ऊस, सगळा एकसारखा. दोन वर्षांनी पुन्हा त्याच कारखान्याला गेले तर कालव्याकडचाच फड भेटला. "म्या तिथं कोयता चालवला, आत्या. बांधावर बसून भाकर खाल्ली. कोणत्या बांधावर, काय ठावं." तिथं पोचल्यावर माणसं जमणार, दगड बसवणार, ह्या मायनं आपल्या लेकराच्या जागंवर रोप लावावं म्हणणार. अन् मायला जागाच माहीत न्हाई. तिला काही वाटंना, रडू येईना, हे तिला कळत होतं. पण तिथं उभं राहून काहीच वाटलं न्हाई तर? त्याचीच तिला भीती होती. म्हणली, तेवढं नको.

मी म्हणलं, तुला न्हाई माहीत, पण महारुद्रला तर माहीत हाय. तो दाखवील की. त्यावर ती म्हणली, ह्यांनी मला कधी दाखवली न्हाई, म्या कधी विचारली न्हाई, आता कोणत्या तोंडानं विचारू? तुमीच सांगा, येत न्हाई म्हणून. बस्स.

आता बघा, निरोप्याचं काम माझ्या वाट्याला. उठले, अन् तशीच महारुद्रकडं गेले. तो मोंढ्याच्या भिंतीला दोन्ही सायकली उलट्या करून बसला होता, चेनला तेल द्यायलता. लिंबाचा डबा बाजूला. मी त्याला सरळ म्हणलं, तुझी बायको पुढं येत न्हाई. तिला जागा माहीत न्हाई, तू दाखवली न्हाईस. आज तिला बसून नीट सांग, कुठला बांध, कुठलं झाड, काय खूण. लेकराची माय हाय ती, तिला एवढंबी सांगायला तुझी जीभ झिजती का?

त्यानं तेलाची बाटली खाली ठेवली. मग म्हणला, "आत्या, मलाच कुठं ठावं हाय?"

मला वाटलं, माझे कान गेले. तर तो सांगायला लागला. पहाटची वेळ, धुई एवढी की पुढच्याची पाठ दिसंना. टोळीचा मुकादम अन् आणखी तिघं खोरं घिऊन पुढं, हा मागं, लेकरू ह्याच्या हातावर. ठेच लागून हातातून पडंल म्हणून हा सारी वाट पायाखालीच बघत चाललेला. किती बांध ओलांडले, डावीकडं वळले का उजवीकडं, काही ध्यानात न्हाई. तिथं गेल्यावर मुकादमानं ह्याच्या हातातून लेकरू घेतलं अन् ह्याला पाठमोरं उभं केलं, बापानं बघू नये म्हणून. मागं फिरला तवाबी कुणीतरी हाताला धरून आणलं. नंतर विचारावं तर मुकादम गेल्या साली वारला. बाकीच्या तिघांना ह्यानं चोरून फोन केले, तर तिघांनी तीन बांध सांगितले.

मग तू रोज कालव्याकडं काय बघायचास रे, म्हणलं मी. तर म्हणला, ती बघायची म्हणून. त्याला वाटलं, कुण्या बाईनं हिला जागा सांगितली असंल, माय हाय, हिला माहीतच असणार. तिच्या नजरंच्या अंदाजानं हा बघायचा. गुरुजींना त्यानं छातीठोक सांगितलं होतं, राजेश्री जागा दाखवील. आता आयत्या वेळंला तिला विचारायची त्याची हिंमत होईना. बापच लेकराची जागा इसरला असं तिला वाटलं तर ती आपल्यासंगं एक दिवस राहणार न्हाई, म्हणला.

मी तिथंच दगडावर बसले. ती ह्याच्याकडं बघून बघायची, हा तिच्याकडं बघून. एका कोयत्याची दोन माणसं. चार वर्षं एका ताटात जेवली, एका मोळीला दोन्हीकडून हात लावला, अन् एवढं एक तेवढं बोलली न्हाईत. खरं सांगते, मला रडूबी आलं अन् दोघांच्या दोन थोबाडीत द्याव्या असंबी वाटलं.

महारुद्रनं मला बजावलं होतं, तिच्यापाशी हे काढू नका. मी होय म्हणलं होतं. भाकरी थापायला बसले तर एक भाकर करपली, दुसरी फाटली. खानावळीत जेवायला आलेले हमाल विचारायले, कस्तुराबाई, आज गप्प कशा? व्यंकटरावांनी माझ्या तोंडाकडं बघितलं अन् स्वतःच ताटं वाढायला घेतली. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या पोटात काही कुजायलंय एवढं त्यांना कळतंय.

दिवेलागणीला गिऱ्हाईक उठलं अन् मी त्या दोघांना वाढलं. येसराची आमटी, भाकर, मेथी. दोघं समोरासमोर, मान खाली. तो विचारतो, उद्या पाथरीला लवकर निघायचं का? ती म्हणती, आत्या काही म्हणल्या का तुमाला? तो म्हणतो, न्हाई. ती गप्प. तो गप्प. परत तेच सुरू झालेलं माझ्या डोळ्यादेखत. माझ्या हातातला चमचा मी पातेल्यात आपटला.

"तिला ठावं न्हाई अन् तुलाबी ठावं न्हाई," म्हणलं मी. "दोघांतल्या कुणालाच जागा माहीत न्हाई. आता जेवा."

मला वाटलं, आता ही उठून जाईल, न्हाई तर हा जाईल. कुणीच उठलं न्हाई. राजेश्रीनं घास ताटात ठेवला. महारुद्रकडं बघितलं, अन् पहिल्यांदाच मला वाटलं, ती त्याच्याकडं खरोखर बघायली. मग त्यानं, मला सांगितलं होतं तेच सगळं, तुटक तुटक तिला सांगितलं. धुई, मुकादम, पाठमोरं उभं राहणं. तिनं मधी एक शब्द विचारला न्हाई. त्याचं संपल्यावर तो म्हणला, मला दुसरं काहीच आठवत न्हाई, निसतं कापड आठवतंय.

"कोणतं कापड?" तिनं विचारलं.

"तुझं निळं. नवं. तुला बायांनी आत धरलेलं, लेकराला काय गुंडाळावं ते सुचंना. अंधारात दोरीवर हाताला तेच लागलं. चार पदरी करून पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळली. तोंड तेवढं उघडं ठेवलं होतं वाटंत." मग तो म्हणला, "तुला सांगायचं राहून गेलं."

राजेश्री हालली न्हाई. मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग ती म्हणली, "म्हंजे माधवीनं न्हाई घेतलं."

"न्हाई," महारुद्र म्हणला.

"म्या तिला चोरटी म्हणलं."

तिनं ताटातली भाकर पुन्हा हातात घेतली, मोडली, तशीच धरून बसली. मग म्हणली, "लय थंडी होती तवा. बरं केलं तुमी."

एवढंच. रडली न्हाई. ताटातलं सगळं संपवलं, दोघांची ताटं उचलली अन् घासायला नेली. महारुद्र तिथंच बसून राहिला, दोन्ही हात गुडघ्यावर. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ गदगदा हालायलती. तोंड मात्र त्यानं दुसरीकडं केलेलं, जसं बापानं बघू नये, तसं दाखवूबी नये म्हणून. मी आत निघून गेले.

सकाळी मी लवकर उठले. पाथरी का गंगाखेड, ह्या विचारानं मला धड झोप लागली नव्हती. बाहेर आले तर महारुद्र दोन्ही सायकलींत हवा भरून बसलेला, लिंबाचा डबा मांडीवर. सायकली कुठल्याच वाटंकडं तोंड करून नव्हत्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या. राजेश्री कुठं, विचारलं. झोपलीय अजून, म्हणला. मी म्हणलं, तुझी बायको अन् झोपलीय? तो म्हणला, झोपू द्या. मी चहा टाकला, भाकरीचं पीठ मळलं, हमालांची पहिली पंगत जेवून गेली. ऊन वट्यावर आलं तरी त्या खोलीत चाहूल न्हाई. मग माझ्याच्यानं राहवंना. कप घिऊन आत गेले.

सासूची ती वाकळ राजेश्रीनं गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. पायाकडून खोचून, दोन्ही बाजूंनी अंगाखाली दाबून, लहान लेकराला दाबतात तशी. फक्त तोंड बाहेर. जागी होती. मला बघून उठायला गेली, पण उठली न्हाई.

मी विचारलं, महारुद्र सायकली घिऊन बसलाय, काय सांगू त्याला? तर म्हणली, पाथरीकडंच घ्या म्हणावं. अन् रोप? ते तिथं लावू कुठंबी, म्हणली, जागा कळली न्हाई तर न कळू दे, रान तर तेच हाय. पहिलं माधवीला फोन लावून द्या म्हणावं त्यांना.

मी चहा तिच्यापुढं ठेवला. तिनं वाकळंतून हात बाहेर काढला, कपाला लावला, अन् पुन्हा आत घेतला.

"थंडी वाजायली, आत्या," म्हणली.

जानेवारी हाय माय, थंडी वाजणारच, म्हणलं मी, अन् दार लावून घेतलं.